पंधराव्या शिखराचे बारसे

#धागा #इतिहास

जुन्या मराठी लेखनात जगातील सर्वोच्च शिखराचा उल्लेख पुष्कळदा 'गौरीशंकर' या नावाने येतो. एखाद्याच्या कर्तृत्वाची उंची सांगायची झाली, तर वक्ते आजही गौरीशंकराची उपमा देतात. नकाशा उघडून पाहिला तर मात्र निराळीच गोष्ट दिसते. गौरीशंकर हे नेपाळ आणि तिबेट यांच्या सीमेवरील एक स्वतंत्र शिखर आहे आणि त्याची उंची ७,१३४ मीटर आहे. एव्हरेस्ट तेथून पूर्वेला सुमारे ५८ किलोमीटरवर आहे आणि त्याची उंची ८,८४८.८६ मीटर आहे. दोहोंतील फरक सतराशे मीटरांहून अधिक भरतो. समुद्रसपाटीपासून मोजलेले आपले अख्खे कळसूबाई (१,६४६ मीटर) त्या फरकात मावते.

एवढी मोठी चूक झाली कशी? आणि युरोपातल्या भल्याभल्या भूगोलवेत्त्यांच्या नकाशांत ती जवळजवळ अर्धशतक टिकली कशी? या प्रश्नांची उत्तरे शोधू लागले की एका शिखराची पाच-सहा नावे समोर येतात. प्रत्येक नावामागे ते शिखर कोणी, कोठे उभे राहून पाहिले याचा इतिहास आहे. म्हणून आरंभ भूगोलापासून करणे बरे.

एव्हरेस्ट हे हिमालयाच्या महालंगूर या भागात येते. त्याच्या दक्षिणेला ल्होत्से (८,५१६ मीटर) आणि नुप्त्से (७,८६१ मीटर) यांची सलग भिंत उभी आहे. या भिंतीमुळे दक्षिणेकडून पाहणाऱ्याला एव्हरेस्टचा बहुतेक भाग दिसतच नाही. भिंतीच्या वर डोकावणारे एक काळसर टोक तेवढे दिसते. आग्नेयेला सुमारे १९ किलोमीटरवर मकालू (८,४८५ मीटर) आहे. तराईतून पाहणाऱ्याच्या तो अधिक जवळ असल्याने साध्या डोळ्यांना तोच थोरला वाटतो. काठमांडूच्या आसपासच्या टेकड्यांवरून एव्हरेस्ट सुमारे १६० किलोमीटर दूर पडते आणि मधल्या रांगांच्या गर्दीत हरवून जाते. त्याच टेकड्यांवरून गौरीशंकर मात्र दोन शिखरांच्या जोडीने, ठसठशीत, कोणाचेही लक्ष वेधेल असे उभे दिसते.

उत्तरेकडचे चित्र अगदी उलट आहे. तिबेटच्या पठारावरून, तिंग्रीच्या मैदानातून किंवा रोंगबुक हिमनदीच्या खोऱ्यातून पाहिले की मध्ये कोणतीही भिंत आड येत नाही. शिखराची अख्खी उत्तर बाजू पायथ्यापासून माथ्यापर्यंत एका नजरेत येते. त्यामुळे उत्तरेच्या लोकांजवळ या शिखराला फार पूर्वीपासून नाव होते, तर दक्षिणेच्या सखल प्रदेशातील लोकांजवळ स्वतंत्र नाव असल्याचा पुरावा मिळत नाही. पुढे जो वाद पेटला त्याचे मूळ या एका गोष्टीत आहे. नाव शोधणारे सगळे इंग्रज आणि जर्मन दक्षिणेत उभे होते.

आता मोजणीकडे वळू. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे विल्यम लॅम्बटनने पायारेषा मोजण्यास आरंभ केला. म्हैसूरच्या युद्धानंतर कंपनीच्या हाती विस्तीर्ण मुलूख आला होता, आणि मुलूख ताब्यात ठेवायचा तर तो अचूक मोजलेला हवा. लॅम्बटनची स्वतःची हौस याहून मोठी होती. त्याला पृथ्वीचा आकार काढायचा होता. त्यासाठी मागवलेला थिओडोलाइट अर्धा टन वजनाचा होता, आणि तो घेऊन येणारे जहाज वाटेत फ्रेंचांनी पकडल्याने हे यंत्र मॉरिशसची वारी करून आले. एक रेषा काटेकोर मोजायची, तिच्या दोन टोकांवरून तिसऱ्या बिंदूचे कोन घ्यायचे, गणिताने उरलेल्या बाजू काढायच्या आणि मग त्या बाजूवर पुढचा त्रिकोण उभारायचा. अशी त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे सरकू लागली.

या साखळीचा महाराष्ट्राशी एक थेट संबंध आहे, आणि तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. हैदराबादहून नागपूरकडे जात असताना जानेवारी १८२३ मध्ये लॅम्बटन वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारला. वीस वर्षे तो ज्या रेषेमागे चालत आला होता, तिच्यापासून फार दूर नसलेल्या या गावातच त्याला पुरण्यात आले. त्याची कबर तेथे आहे. हिमालयाच्या उंचीचा विषय निघाला की देहरादून आणि कोलकाता आठवतात. हिंगणघाट आठवत नाही.

लॅम्बटननंतर सूत्रे जॉर्ज एव्हरेस्टकडे आली. तो १८१८ पासून लॅम्बटनचा सहायक होता. १८२३ मध्ये त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रमुख झाला आणि १८३० पासून १८४३ पर्यंत भारताचा महासर्वेक्षकही होता. स्वभावाने तापट, शिस्तीचा कडवा आणि हाताखालच्या माणसांना अवघड जाणारा असा त्याचा लौकिक होता. गणितात मात्र त्याला तडजोड माहीत नव्हती. कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत सुमारे २,४०० किलोमीटरची रेषा त्याच्या कारकिर्दीत पूर्ण झाली. त्याच्या आडनावाचा खरा उच्चार 'ईव्हरेस्ट' असा होता. आज जगभर रूढ असलेला उच्चार त्याच्या कानी पडला असता, तर त्याने तो खपवून घेतला नसता.

१८४३ मध्ये एव्हरेस्ट निवृत्त होऊन इंग्लंडला परतला. ज्या शिखरावर त्याचे नाव कोरले गेले, त्याचे तोवर एकही निरीक्षण झालेले नव्हते.

त्याच्या जागी अँड्र्यू वॉ आला. एव्हरेस्टची रेषा उत्तरेला डोंगरांपर्यंत पोहोचली होती. आता तिला काटकोनात, हिमालयाच्या समांतर, पूर्वेकडे दुसरी साखळी न्यायची होती. सर्वांत सोयीची वाट नेपाळच्या डोंगरांतून जात होती. पण १८१६ च्या सुगौलीच्या तहाने आपला मोठा मुलूख गमावलेला नेपाळ इंग्रजांच्या मोजणीदारांना आत घेण्यास तयार नव्हता, आणि त्यात नवल काहीच नाही. मोजणीदारामागोमाग पलटण येते हे तोवर साऱ्या हिंदुस्थानाने पाहिले होते. त्यामुळे साखळी तराईतून न्यावी लागली. दलदल, घनदाट जंगल आणि मलेरिया यांचा हा पट्टा. सपाट भूमीवर दूरचे दिसावे म्हणून विटा-मातीचे मनोरे बांधावे लागले. या कामात किती खलाशी, मजूर आणि सर्वेक्षक तापाने गेले याची आठवण शिखराच्या गौरवगाथेत क्वचितच येते. मेलेल्यांपैकी बहुतेकांची नावेही उरलेली नाहीत.

नोव्हेंबर १८४७ मध्ये वॉ कांचनजंगेची निरीक्षणे घेत होता. कांचनजंगा हे तेव्हा जगातील सर्वांत उंच शिखर मानले जात असे. तिच्या पलीकडे, सुमारे २३० किलोमीटर दूर पश्चिमेला त्याला आणखी एक टोक दिसले. जॉन आर्मस्ट्राँग या त्याच्या सहकाऱ्यानेही आणखी पश्चिमेकडून तेच टोक टिपले होते. पुढच्या वर्षी जवळून निरीक्षण घेण्याचा बेत ढगांनी हाणून पाडला. १८४९ मध्ये जेम्स निकल्सनने तराईतील वेगवेगळ्या ठाण्यांवरून त्याची तीसेक निरीक्षणे घेतली. त्यांतले सर्वांत जवळचे ठाणेसुद्धा शिखरापासून सुमारे १७४ किलोमीटरवर होते. पुढे निकल्सनला मलेरियाने गाठले आणि त्याला मायदेशी परतावे लागले.

एवढ्या अंतरावरून उंची मोजणे म्हणजे काय, हे जरा थांबून समजून घ्यावे. कोन मोजून त्रिकोण सोडवला की काम झाले असे वरवर वाटते. पण पृथ्वी गोल आहे. १७४ किलोमीटर अंतरावर तिच्या वक्रतेमुळे लांबची वस्तू सुमारे २,४०० मीटर 'खाली बुडते'. पाहणाऱ्याला शिखराचा तेवढा भाग कमी दिसतो. उलट दिशेने हवा आपले काम करत असते. खालची हवा दाट, वरची विरळ. त्यातून येणारा प्रकाशकिरण वाकतो आणि शिखर असते त्याहून उंच भासते. हा भास या अंतरावर साडेतीनशे मीटरांच्या घरात जातो, आणि तापमान, वेळ, ऋतू यांनुसार बदलतोही. निकल्सनने काढलेली कच्ची सरासरी उंची ३०,२०० फूट होती. अखेरचा आकडा त्याहून सुमारे बाराशे फुटांनी कमी आला, म्हणजे सुमारे ३६५ मीटरांनी. वाकलेल्या किरणाचा हिशेब मांडला नसता तर चूक केवढी राहिली असती, ते या आकड्यांवरून कळते. याशिवाय हिमालयाचे प्रचंड वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढते, त्याचाही विचार करावा लागे.

हा हिशेब करणाऱ्या माणसांना त्या काळी 'संगणक' म्हणत. शब्दशः, गणना करणारी माणसे. त्यांचा प्रमुख राधानाथ सिकदर. जन्म १८१३, कलकत्ता. हिंदू कॉलेजात डिरोझिओच्या प्रभावाखाली वाढलेल्या पिढीतला. १८३१ मध्ये तो महिना ३० रुपयांवर सर्वेक्षणात लागला, आणि एव्हरेस्टने त्याच्या गणिताची मुक्तकंठाने प्रशंसा केली. पण या माणसाची ओळख गणितापुरती आखडून घेऊ नये. १८४३ मध्ये देहरादून येथे सर्वेक्षणाच्या मजुरांना एका इंग्रज मॅजिस्ट्रेटने वेठीस धरले, तेव्हा सिकदरने त्यांचे सामान अडवून ठेवले आणि दंड भरला. दंडाची रक्कम होती दोनशे रुपये. ज्या काळात गोऱ्या अधिकाऱ्यासमोर मान वर करणेही धाडसाचे होते, त्या काळातली ही गोष्ट.

एक प्रसिद्ध आख्यायिका अशी की, १८५२ मध्ये सिकदर धावत वॉच्या खोलीत शिरला आणि आपण जगातील सर्वांत उंच शिखर शोधल्याचे त्याने सांगितले. प्रसंग नाट्यमय आहे, म्हणूनच तो पुन्हा पुन्हा सांगितला जातो. त्याला समकालीन कागदांचा आधार मिळत नाही. शिवाय १८४९ पासून सिकदर कलकत्त्यात होता, तर हिमालयीन शिखरांचे बरेचसे गणित देहरादूनच्या कचेरीत चालत होते. म्हणून 'एकट्या सिकदरने शोध लावला' हे विधान जपून करावे. पण याच्या उलट बाजूला जाऊन त्याचा वाटा पुसून टाकणे हे अधिक मोठे पाप ठरेल, आणि ते प्रत्यक्ष घडलेले आहे. १८५१ च्या सर्वेक्षण-मार्गदर्शिकेतील गणिती भागासाठी सिकदरचे ऋण प्रस्तावनेत मान्य केलेले होते. १८७० मध्ये तो वारला, आणि १८७५ च्या आवृत्तीतून तो उल्लेख गाळला गेला. या प्रकाराला 'फ्रेंड ऑफ इंडिया' या इंग्रजांच्याच वृत्तपत्राने मृताची लूट ठरवले, एवढे नमूद केले तरी पुरे.

या शिखरांना तोवर नावे नव्हती, क्रमांक होते. मायकल हेनेसीने रोमन आकड्यांची पद्धत लावली. तिच्यानुसार कांचनजंगा नववे शिखर झाले आणि हे दूरचे टोक पंधरावे. १ मार्च १८५६ रोजी वॉने कलकत्त्यातील आपला सहकारी थुलियर याला पत्र पाठवून पंधराव्या शिखराची उंची २९,००२ फूट असल्याचे जाहीर केले. अशी एक गोष्ट सांगतात की सरासरी नेमकी २९,००० फूट आली होती, आणि लोकांना तो अंदाजपंचे आकडा वाटू नये म्हणून दोन फूट चिकटवले गेले. खरेखोटे असो, आज मान्य असलेली उंची २९,०३१ फुटांच्या जवळपास आहे. पावणेदोनशे किलोमीटरांवरून, नेपाळात पाऊल न टाकता काढलेला आकडा तीसएक फुटांनी चुकला.

याच पत्रात बारसे झाले. वॉने लिहिले त्याचा आशय असा: प्रत्येक भौगोलिक वस्तूला तिचे खरे स्थानिक नाव द्यावे हे आपल्या वरिष्ठाने, म्हणजे कर्नल एव्हरेस्टनेच, आपल्याला शिकवले, परंतु या शिखराचे स्थानिक नाव आपल्याला सापडत नाही, आणि नेपाळात प्रवेश मिळेपर्यंत सापडण्याची शक्यताही नाही, तेव्हा त्या वरिष्ठाचेच नाव शिखराला द्यावे. गुरूने घालून दिलेला नियम मोडायचा आणि त्या मोडण्यालाच गुरूचा सन्मान म्हणायचे, ही युक्ती मोठी मासलेवाईक आहे. धवलगिरी, कांचनजंगा, नंदादेवी यांच्या बाबतीत सर्वेक्षणाने स्थानिक नावेच ठेवली होती. अपवाद झाला तो नेमका सर्वांत उंच शिखरासाठी.

मग ज्याचे नाव दिले त्याचे मत काय पडले? १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत एव्हरेस्टने स्वतःच शंका मांडली. आपले नाव फारसीत किंवा हिंदीत नीट लिहिता येत नाही आणि हिंदुस्थानातील लोकांना त्याचा उच्चार करता येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. हा विनय होता, की नियमावरील निष्ठा, की आडनावाचा उच्चार बिघडण्याची धास्ती, हे ठरवणे अवघड आहे. कदाचित तिन्ही. १८६५ मध्ये सोसायटीने नाव अधिकृतपणे स्वीकारले. पुढच्याच वर्षी एव्हरेस्ट वारला.

या निर्णयाला पहिला विरोध केला तो ब्रायन हॉजसन याने. तो अनेक वर्षे काठमांडूत इंग्रजांचा रेसिडेंट होता. नेपाळच्या भाषा, बौद्ध ग्रंथ आणि पशुपक्षी यांचा त्याच्याइतका जाणकार युरोपीय त्या काळी दुसरा नव्हता. पंधराव्या शिखराला नेपाळात 'देवढुंगा' म्हणतात, असे त्याने कळवले. ढुंगा म्हणजे नेपाळीत दगड. देवाचा दगड असा त्याचा अर्थ. वॉने आपल्या अधिकाऱ्यांकडून या दाव्याची तपासणी करवली. हॉजसनने ते शिखर जवळून पाहिलेले नाही, आणि ज्याला तो देवढुंगा म्हणतो तेच पंधरावे शिखर असल्याचा पुरावा नाही, असा निर्णय लागला. वॉचा हेतू काहीही असो, या मुद्द्यावर त्याची बाजू भक्कम होती, हे मान्य करावे लागते.

दुसरा दावेदार जर्मन होता. बव्हेरियाचे श्लागिंटवाइट बंधू हर्मन, अडोल्फ आणि रॉबर्ट हे अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट याच्या शिफारशीने कंपनीच्या चाकरीत आले आणि १८५४ च्या अखेरीस मुंबई बंदरात उतरून दख्खनमार्गे पुढे गेले. (यांपैकी अडोल्फचा १८५७ मध्ये काशगर येथे शिरच्छेद झाला, तो एका वेगळ्या धाग्याचा विषय आहे.) हर्मनने सिंगालीला रांगेवरील फालुटहून पंधरावे शिखर पाहिले आणि रंगवले. पुढे १८५७ मध्ये त्याला काठमांडूला जाण्याची परवानगी मिळाली. जवळच्या कौलिया टेकडीवरून त्याला पूर्वेला एक भव्य शिखर दिसले. त्याने नाव विचारले. स्थानिकांनी उत्तर दिले: गौरीशंकर.

उत्तर अचूक होते. चुकले होते ते ओळखणे. फालुटहून पाहिलेले शिखर आणि हे शिखर एकच, असे हर्मनने गृहीत धरले. खरे एव्हरेस्ट कौलियावरून नजरेत भरत नाही, आणि डोळ्यांत भरते ते गौरीशंकर. वर सांगितलेला भूगोल आठवला की ही चूक समजण्यासारखी वाटते. दोन वेगळ्या ठिकाणांहून, दोन वेगळ्या दिशांनी पाहिलेले बर्फाचे डोंगर एकच आहेत की नाहीत, हे चित्रावरून ठरत नाही. त्याला कोन लागतात.

युरोपला हे नाव मनापासून आवडले. जर्मन नकाशांवर 'गौरीशंकर' विराजमान झाले. इंग्लंडमध्येही डग्लस फ्रेशफील्डसारखे नामवंत गिर्यारोहक १८८० च्या दशकात त्याचा कैवार घेऊ लागले. त्यांची भावना रास्त होती: शिखराचे देशी नाव उपलब्ध असताना एका सरकारी अधिकाऱ्याचे नाव का चालवावे? हिंदुस्थानातील सुशिक्षितांना तर हे नाव अधिकच भावले असल्यास आश्चर्य नाही. जगाचे सर्वोच्च स्थान पार्वती-परमेश्वराचे, यात एक समाधान होते. पारतंत्र्याच्या काळात 'एव्हरेस्ट' ऐवजी 'गौरीशंकर' लिहिण्यात थोडा स्वाभिमानही मिसळलेला असणार. मराठीतल्या त्या उपमेचे मूळ येथे आहे.

हा गुंता सुटला १९०३ मध्ये. लॉर्ड कर्झनच्या प्रयत्नाने नेपाळच्या चंद्र शमशेर यांच्याकडून परवानगी मिळाली आणि कॅप्टन हेन्री वूड हा सर्वेक्षक कौलियाला पोहोचला. हर्मन जेथे उभा राहिला होता तेथेच उभे राहून त्याने कोन मोजले. निकाल स्वच्छ होता. नेपाळी लोक ज्याला गौरीशंकर म्हणतात ते सर्वेक्षणाच्या यादीतील विसावे शिखर. पंधरावे त्याच्याहून सुमारे ३६ मैल दूर. पंधराव्या शिखराला त्या परिसरात वेगळे नाव असल्याचे वूडला आढळले नाही. नकाशे दुरुस्त होऊ लागले. भाषेतल्या उपमा दुरुस्त झाल्या नाहीत.

येथवरच्या साऱ्या वादात एक बाजू जवळपास गैरहजर आहे, ती उत्तरेची. तिचा पुरावा वॉच्या पत्राच्या शतकभर आधी छापलेला होता. चीनच्या कांगशी सम्राटाने आपल्या साम्राज्याचा नकाशा करवून घेतला, तेव्हा १७१७ च्या सुमारास मोजणीचे शिक्षण दिलेले लामा तिबेटात पाठवले होते. त्यांच्या माहितीवरून पॅरिसमध्ये दांव्हिल या नकाशाकाराने १७३० च्या दशकात तिबेटचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यावर साधारण योग्य जागी 'चूमूर लांक्मा' अशा धाटणीचे नाव छापलेले आहे. हेच चोमोलुंग्मा. म्हणजे 'स्थानिक नाव सापडत नाही' असे वॉ लिहीत होता, तेव्हा ते नाव पॅरिसच्या ग्रंथालयात पडून होते. १९२१ मध्ये पहिली इंग्रज मोहीम तिबेटमार्गे निघाली, तेव्हा ल्हासाच्या सरकारने दिलेल्या परवान्यातही याच नावाचे एक रूप होते. मोहीम त्या परवान्यावर चालली, आणि परत येऊन तिने 'एव्हरेस्ट'चेच वृत्तांत लिहिले.

नेपाळी नाव यायला आणखी काही वर्षे लागली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस इतिहासकार बाबुराम आचार्य यांनी 'शारदा' मासिकातील लेखात 'सगरमाथा' हे नाव पुढे आणले. इंग्रजांना दुखवणे राणा सरकारला परवडणारे नव्हते, त्यामुळे आचार्यांना त्याबद्दल बोलणी खावी लागली. राणा राजवट गेल्यानंतर मात्र तेच नाव नेपाळचे अधिकृत नाव झाले. मराठीत ते हमखास 'सागरमाथा' असे लिहिले जाते आणि मग समुद्राशी त्याचा संबंध जुळवण्याची खटपट होते. मूळ शब्द 'सगर' असा ऱ्हस्व आहे. त्याचा प्रचलित अर्थ आकाश, आणि माथा म्हणजे माथाच.

या नावाला राजकीय निकड होती. १९६० मध्ये नेपाळ आणि चीन यांच्यात सीमेच्या वाटाघाटी सुरू झाल्या, तेव्हा शिखर कोणाचे हा नाजूक प्रश्न झाला. 'चोमोलुंग्मा' चीनच्या नकाशांवर होते. त्याला तोड म्हणून नेपाळजवळ आपले नाव असणे गरजेचे होते. 'एव्हरेस्ट' म्हणून दावा सांगणे विचित्र दिसले असते. १९६१ च्या सीमाकरारानंतर रेषा माथ्यावरून गेली, आणि ८ डिसेंबर २०२० रोजी दोन्ही देशांनी ८,८४८.८६ मीटर हा आकडा एकत्रितपणे जाहीर केला. उंचीवर एकमत झाले. नावे दोन्ही बाजूंना आपापलीच राहिली.

आणि गौरीशंकर? त्याच्या दोन माथ्यांपैकी उत्तरेचा उंच माथा शंकराचा आणि दक्षिणेचा गौरीचा मानतात. उंचीने उणे असले तरी चढाईला ते अतिशय कठीण. एव्हरेस्टच्या माथ्यावर १९५३ मध्ये माणूस पोहोचला. गौरीशंकरावर पोहोचायला १९७९ उजाडावे लागले. अमेरिकी-नेपाळी मोहिमेतील जॉन रॉस्केली आणि दोर्जे शेर्पा हे तेथे प्रथम उभे राहिले.

त्याच्या पायथ्याच्या रोलवालिंग खोऱ्यातील शेर्पांना 'गौरीशंकर' हे नाव परकेच. ते त्याला जोमो त्सेरिंग्मा म्हणतात. तिबेटी बौद्ध परंपरेत दीर्घायुष्य देणाऱ्या पाच भगिनी-देवता आहेत. त्यांतली थोरली ताशी त्सेरिंग्मा या शिखरावर राहते. तिची एक बहीण मियो लांगसांग्मा, तिचे निवासस्थान चोमोलुंग्मा. जर्मन चित्रकाराने ज्या दोन शिखरांना एक समजले, ती शेर्पांच्या हिशेबी दोन बहिणींची घरे आहेत, आणि त्यांतली मोठी बहीण गौरीशंकरावरची आहे.